शाळेच्या लॅपटॉपवरचा फिल्टर मुलं कशी चुकवतात, आणि तो नेमका कुठे बसवायचा

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका हायर सेकंडरीच्या कम्प्युटर टीचरांनी विचारलं आहे: अकरावीच्या मुलांना शाळेने वर्षभरासाठी चाळीस विंडोज लॅपटॉप दिलेत, मुलं ते घरी नेतात. शाळेच्या राउटरवर फिल्टर आहे. तरीही वर्गात गेम चालतात, इन्स्टाग्राम उघडतं. आज एक साइट बंद केली की उद्या ती पुन्हा चालू. मुलं करतात काय, आणि आपण करायचं काय?

टीचर, राउटरला हात लावण्याआधी एक तपासणी करा. गेम चालू असतानाच तो लॅपटॉप हातात घ्या, कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘आयपीकॉन्फिग’ टाइप करा. आयपीव्ही४ पत्ता शाळेच्या राउटरच्या मालिकेतला असेल तर मूल शाळेच्या नेटवर राहूनच फिल्टर चुकवतंय. पत्ता १७२.२०.१० ने सुरू होत असेल तर तो आयफोनचा हॉटस्पॉट. १९२.१६८.४३ असेल तर बहुतेक जुन्या अँड्रॉइडचा. नवे अँड्रॉइड दर वेळी वेगळी मालिका देतात, त्यामुळे शाळेची मालिका नाही एवढं कळलं तरी पुरे. आठ-दहा लॅपटॉप असे पाहा. निम्म्याहून जास्त फोनवर सापडले तर राउटरवरच्या यादीत आणखी साइट्स भरण्यात वेळ घालवू नका. मूल त्या राउटरच्या वाटेला जातच नाही.

बहुतेक शाळांचं गणित इथेच चुकतं. लॅपटॉप शाळेत सहा तास असतो, बाकीचे अठरा तास घरी, शेजारच्या वाय-फायवर किंवा पप्पांच्या हॉटस्पॉटवर. फिल्टर राउटरवर असेल तर तो त्या सहा तासांपुरताच, तेही खिशात दुसरा सिम नसेल तर. म्हणून मुख्य फिल्टर लॅपटॉपवर बसवा. राउटरवरचा राहू द्या, पण त्याला दुय्यम माना.

शाळेच्या नेटवरच सापडलेल्यांत सर्वांत जास्त चालणारी युक्ती तांत्रिक नसतेच. स्टाफचं वाय-फाय वेगळं असतं, त्यावर फिल्टर नसतो किंवा ढिला असतो, आणि त्याचा पासवर्ड अख्ख्या अकरावीला पाठ असतो. कुणा सरांच्या फोनवरून क्यूआर कोड एकदा स्कॅन झाला की तो वर्षभर फिरतो. फोनचे मॅक पत्ते (वाय-फायवर फोन ज्याने ओळखला जातो तो क्रमांक) नोंदवून बाहेरच्यांना अडवायचा प्रयत्न करू नका. आजचे फोन नेटवर्कगणिक मॅक पत्ता बदलतात, यादीवर विसंबता येत नाही. ॲक्सेस पॉइंटमध्ये ‘एंटरप्राइझ’ सुरक्षा असेल तर प्रत्येक शिक्षकाला स्वतःचं नाव-पासवर्ड द्या, म्हणजे फुटला तर कुणाचा फुटला ते कळेल. ते जमत नसेल तर स्टाफच्या नेटलाही तोच फिल्टर लावा. दोन-तीन शिक्षक कुरकुरतील, चालेल.

आता राउटर. शाळांमधला फिल्टर बहुधा डीएनएसचा असतो: साइटच्या नावावरून पत्ता विचारला जातो, आणि नको त्या नावाला उत्तर मिळत नाही. क्लाउडफ्लेअरचा १.१.१.३ किंवा ओपनडीएनएसचा २०८.६७.२२२.१२३ हे यातले फुकट पर्याय. पण लॅपटॉपने दुसऱ्याच कुणाला पत्ता विचारला की हा फिल्टर संपला. त्यासाठी राउटरवर पोर्ट ५३ (साध्या डीएनएसचं दार) ची बाहेर जाणारी प्रत्येक विचारणा तुमच्या डीएनएसकडे वळवा आणि पोर्ट ८५३ (एनक्रिप्टेड डीएनएसचं दार) बंद करा. यूडीपी ४४३ (‘क्विक’ या नव्या पद्धतीची वाट) सुद्धा बंद करा. ब्राउझर मुकाट्याने जुन्या टीसीपी पद्धतीवर येतात, काही बिघडत नाही, आणि साइटचं नाव पाहून अडवणाऱ्या फायरवॉलला काम करता येतं. साध्या व्हीपीएनची दारं म्हणजे यूडीपी ११९४, ५१८२०, ५०० आणि ४५००. तीही लावून घ्या. मात्र हुशार व्हीपीएन ४४३ वरूनच जातात, ते राउटरवर सापडायचे नाहीत.

एवढं करूनही साइट्स उघडत असतील तर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, पाहा. हे हमखास सुटतं. कंपनीची फायबर लाइन बहुधा आयपीव्ही६ चालू करूनच येते. तुमचे सगळे नियम आयपीव्ही४ चे, आणि लॅपटॉपला दुसऱ्या बाजूने कंपनीचा डीएनएस आपोआप मिळालेला. ‘आयपीकॉन्फिग ऑल’ मध्ये डीएनएस सर्व्हरच्या ओळीत कोलनवाला लांबलचक पत्ता दिसला तर रोग सापडला. एक तर आयपीव्ही६ साठी तेच नियम पुन्हा लिहा, नाही तर शाळेपुरतं आयपीव्ही६ बंद ठेवा.

राउटरचं काम इथे संपलं. खरं काम लॅपटॉपवर आहे.

मुलाचं खातं ‘स्टँडर्ड’ हवं, ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ नको. हे बहुतेकांना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते पुढचं. क्रोम, ऑपेरा यांसारखे ब्राउझर ॲडमिन पासवर्डशिवायही बसतात, कारण ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये न जाता मुलाच्या स्वतःच्या ‘ॲपडेटा’ फोल्डरमध्ये बसतात. ऑपेरात तर व्हीपीएन आयतंच असतं. पेन ड्राइव्हवरचा पोर्टेबल फायरफॉक्स बसवावाही लागत नाही, डबल क्लिक केलं की चालू. म्हणून ‘पासवर्ड तर फक्त माझ्याकडे आहे, मग हे आलं कुठून’ असा प्रश्न पडतो. उत्तर ॲपडेटात असतं.

यावर उपाय ॲपलॉकर, म्हणजे कुठले प्रोग्रॅम चालू द्यायचे ते ठरवणारी विंडोजचीच सोय. विंडोज प्रो किंवा एज्युकेशनवर लोकल सिक्युरिटी पॉलिसीत तो मिळतो. होमवर ही पॉलिसीची खिडकीच येत नाही, म्हणून पुढची खरेदी होमची करू नका. ‘क्रिएट डिफॉल्ट रूल्स’ दिलं की विंडोज आणि प्रोग्रॅम फाइल्स या दोन फोल्डरांतलंच चालतं, ॲपडेटा, डाउनलोड्स आणि पेन ड्राइव्हवरचं चालत नाही. तीन ठिकाणी घोळ होतो. पहिला: ‘ॲप्लिकेशन आयडेंटिटी’ ही सर्व्हिस चालू नसेल तर नियम नुसते कागदावर राहतात. ती ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून ‘एससी कॉन्फिग’ ने ऑटोवर टाका. दुसरा: एक्झिक्युटेबलचे नियम लावले आणि ‘पॅकेज्ड ॲप’ चे डिफॉल्ट नियम विसरलात, तर स्टार्ट मेनू, कॅल्क्युलेटर असलं सगळं बंद पडतं आणि वर्गात गोंधळ होतो. तिसरा: विंडोज फोल्डरच्या आतही टेम्प, टास्क्स अशा काही जागा आहेत जिथे साधं खातं फाइल ठेवू शकतं. त्यांना नियमात अपवाद म्हणून वगळा, नाही तर एखादा चलाख मुलगा तिथूनच ब्राउझर चालवेल. सुरुवातीला आठवडाभर ‘ऑडिट ओन्ली’ ठेवा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ८००३ क्रमांकाच्या नोंदी म्हणजे ‘नियम लागू असता तर हे अडलं असतं’. त्या वाचून शाळेचं एखादं खरं सॉफ्टवेअर अडत नाही ना हे पाहा, मग नियम लागू करा. त्यानंतर अडवलेल्याची नोंद ८००४ ने येते.

ब्राउझर फक्त ठरलेलेच चालणार हे पक्कं झालं की त्या ब्राउझरला नियम लावायचे. क्रोमचे नियम रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या कोठारात) लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, गूगल, क्रोम या जागी बसतात. नावं इंग्रजीत, शब्द जोडून लिहायची. हे तरी हवेतच: इनकॉग्निटो मोड अव्हेलेबिलिटी १ (म्हणजे बंद), ब्राउझर गेस्ट मोड एनेबल्ड ०, ब्राउझर ॲड पर्सन एनेबल्ड ०, डेव्हलपर टूल्स अव्हेलेबिलिटी २, फोर्स गूगल सेफसर्च १, फोर्स यूट्यूब रिस्ट्रिक्ट १ (२ फार कडक, अभ्यासाचे व्हिडिओही जातात). सर्वांत मोलाचा नियम एक्स्टेन्शन इन्स्टॉल ब्लॉकलिस्ट. त्यात एकच चांदणी लिहिली की सगळी एक्स्टेन्शन बंद, आधीच बसवलेली व्हीपीएनही. जी हवीत त्यांचा ३२ अक्षरी आयडी अलाउलिस्टमध्ये घाला.

हे सगळं एजलाही लावा. क्रोम कडेकोट बंद करून एज मोकळा सोडलेला पुष्कळ ठिकाणी दिसतो, आणि एज काढूनही टाकता येत नाही. नियम लागले का ते ब्राउझरच्या पट्टीत ‘क्रोम’, कोलन, दोन तिरप्या रेघा आणि ‘पॉलिसी’ लिहून पाहा. प्रत्येक नियमापुढे ‘ओके’ दिसायला हवं. नावात एक अक्षर चुकलं तरी तो ‘अननोन’ म्हणून तिथे दिसतो, आणि चालत नाही.

आता घरच्या नेटचा प्रश्न. मुलं फिल्टर चुकवायला ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ चालू करतात, म्हणजे पत्त्याची विचारणा एनक्रिप्ट होऊन ४४३ वरून जाते आणि राउटरला दिसत नाही. हेच हत्यार उलटं धरता येतं. डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस मोड हा नियम ‘सिक्युअर’ वर ठेवा आणि टेम्प्लेट्समध्ये तुम्ही निवडलेल्या फिल्टर सेवेचा पत्ता घाला. क्लाउडफ्लेअरच्या फॅमिली सेवेचाही चालतो. मग लॅपटॉप शाळेत असो, फोनच्या हॉटस्पॉटवर असो की वाळपईला मामाच्या घरी, ब्राउझर त्याच फिल्टरला विचारणार, आणि मुलाला ती सेटिंग बदलता येणार नाही. राउटरवर बाकीच्या डीएनएस सेवांचे पत्ते बंद केले असतील तर एवढा एक मोकळा ठेवा, नाही तर शाळेत एकही पान उघडणार नाही.

फॅमिली सेवा फक्त अश्लील आणि घातक साइट्स अडवते, गेम आणि इन्स्टाग्राम नाही. स्वतःची यादी करायची तर नेक्स्टडीएनएससारखी सेवा लागते. तिचा फुकट कोटा महिन्याला ३ लाख विचारण्यांचा. एका लॅपटॉपच्या दिवसाला २,००० विचारण्या धरल्या तरी चाळीस लॅपटॉपांच्या ८०,००० होतात, म्हणजे चौथ्या दिवशीच कोटा संपतो. आणि कोटा संपल्यावर नेट बंद पडत नाही, फिल्टर बंद पडतो. काहीच कुरबुर येत नाही म्हणून आपण खूश, आणि मुलंही खूश. सशुल्क घ्या, किंवा गेम आणि सोशल मीडियाची यादी ब्राउझरच्या यूआरएल ब्लॉकलिस्टमध्ये ठेवा. तिथे १,००० नोंदी मावतात.

ब्राउझरबाहेरच्या ॲपना मात्र विंडोजचाच डीएनएस लागतो. तो वाय-फायच्या गुणधर्मांत जाऊन पक्का करण्याची पद्धत आहे, आणि ती अपुरी आहे. मुलाने फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू केलं की विंडोजमध्ये नवंच नेटवर्क ॲडॅप्टर तयार होतं. वाय-फायवरची तुमची सेटिंग त्याला लागू नाही, त्याला डीएनएस फोनकडूनच मिळतो. म्हणून पॉवरशेलमधून एनआरपीटीचा (कुठल्या नावासाठी कुठला डीएनएस ते ठरवणाऱ्या विंडोजच्या यादीचा) नियम घाला: नेमस्पेसच्या जागी नुसता एक टिंब, आणि नेम सर्व्हर तुमचा. टिंब म्हणजे सगळी नावं. हा नियम ॲडॅप्टर पाहत नाही, अख्ख्या मशीनला लागतो.

यानंतरही उरतात त्या साइटच्या आत लपलेल्या वाटा. गेम बहुतेक वेळा गूगल साइट्सवर किंवा गिटहबच्या (कोड ठेवायच्या साइटच्या) पानांवर चढवलेले असतात. डीएनएसला फक्त मुख्य नाव दिसतं, त्यामुळे तिथे अडवायचं तर सगळं गूगल साइट्स बंद करावं लागतं, ज्यावर एखाद्या शिक्षकाच्या नोट्सही असतात. यूआरएल ब्लॉकलिस्टला पूर्ण पत्ता कळतो, तेवढंच पान बंद करता येतं. दुसरी वाट गूगल ट्रान्सलेटची: बंद साइटचा पत्ता तिथे दिला की ते पान ‘ट्रान्सलेट डॉट गूग’ या नावाखाली उघडतं. ते नाव बंद करा. क्रोममधलं पान भाषांतर करायचं बटण त्याने बंद पडत नाही. बुकमार्कमध्ये जावास्क्रिप्ट भरून चालवणारी मुलं असतात, त्यासाठी ‘जावास्क्रिप्ट’ कोलन रेघा चांदणी अशीही एक नोंद ब्लॉकलिस्टमध्ये घाला.

आणि मशीनच उलटवणारे. शिफ्ट दाबून रीस्टार्ट केलं की रिकव्हरीचा पडदा येतो, तिथून ‘रीसेट धिस पीसी’ करून सगळं पुसलं की तुमचे नियमही गेले, नवं खातं मुलाचंच, तेही ॲडमिन. ‘रीएजंटसी डिसेबल’ ही आज्ञा ॲडमिन म्हणून चालवली की तो पडदा बंद. बायोसला पासवर्ड, यूएसबीवरून बूट बंद, सिक्युअर बूट चालू, बिटलॉकर (डिस्कचं एनक्रिप्शन) चालू. बिटलॉकरच्या ४८ अंकी रिकव्हरी की शाळेत दोन ठिकाणी ठेवा. पावसात वीज जाऊन अपडेट अर्धवट राहिलं आणि की सापडत नाही, अशा वेळी मुलाचा वर्षभराचा प्रोजेक्ट जातो आणि दोष फिल्टरवर येतो.

गेमपेक्षा फुकट व्हीपीएनची काळजी जास्त करा. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने ९११ एस५ नावाचं जाळं उद्ध्वस्त केलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन असली फुकट व्हीपीएन बसवणाऱ्यांचे संगणक त्यात ओढले गेले होते, १.९ कोटींहून जास्त आयपी पत्ते, जवळजवळ २०० देशांतले. लोक आपलं नेट लपवायला गेले आणि त्यांच्याच नेटवरून तिऱ्हाईतांनी फसवणुकी केल्या. असा लॅपटॉप शाळेच्या लाइनवर असेल तर पत्ता शाळेचा निघतो, आणि रायबंदरच्या सायबर पोलिसांचा फोन मुलाला नाही, प्रिन्सिपलना येतो. मुलांना ‘व्हीपीएन वाईट’ एवढंच सांगू नका, हे सांगा. त्यांना पटतं.

काय अडवायचं यात हात आखडता ठेवा. अश्लील, घातक, व्हीपीएन-प्रॉक्सी आणि पैशांचे खेळ हे चार गट कायमचे बंद. पैशांच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदीच आहे, त्यामुळे तिथे वाद नाही. मांडवीतल्या कॅसिनोंच्या पाट्या मुलं येता-जाता वाचतात, निदान लॅपटॉपवर तरी नकोत. सोशल मीडिया शाळेच्या वेळेपुरता बंद ठेवला तर पालकही साथ देतात. ‘गेम्स’ हा तयार गट मात्र डोळे मिटून लावू नका: बऱ्याच सेवा स्क्रॅचला (मुलांच्या कोडिंगच्या साइटला) त्यातच टाकतात. गिटहब सरसकट बंद केलं तर प्रोजेक्ट करणारी मुलं अडतात. केअर्स योजनेत कोडिंग-रोबोटिक्स शिकून आलेल्या मुलाला अकरावीत स्क्रॅच बंद सापडलं तर तो फिल्टर चुकवायला शिकणार, आणि त्यात त्याची चूक काढता येणार नाही.

शब्दांवरून अडवणारे फिल्टर तर आपल्याकडे दोन्हीकडून पडतात. जीवशास्त्रातला प्रजननाचा धडा किंवा स्तनाच्या कर्करोगाची माहिती ते अडवतात, आणि मराठी शिव्या किंवा रोमी लिपीतली कोंकणी त्यांच्या गावीही नसते. यूट्यूबच्या रिस्ट्रिक्टेड मोडवरही आपल्या भाषांसाठी फार विसंबू नका. शब्दयादी बंद ठेवा.

अडलेली साइट उघडून मागायची सोय हवी. लॅबमध्ये एक वही: तारीख, साइट, कशासाठी, नाव. त्याच दिवशी निर्णय, नकार असेल तर एका ओळीत कारण. ही वही नीट चालली की चुकवाचुकवी उतरते, कारण तिचा बराचसा भाग खऱ्या अडचणीतून येतो.

एनक्रिप्शन उघडून आतलं वाचणारा फिल्टर कुणी विकायला आला तर नको म्हणा. त्यासाठी प्रत्येक मशीनवर स्वतःचं सर्टिफिकेट बसवावं लागतं, बँकेच्या साइट्सही त्यातून जातात, आणि ती चावी सांभाळण्याएवढी व्यवस्था शाळेकडे नसते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील सगळे ‘मूल’ धरले आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी सर्वसाधारणपणे पालकांची पडताळता येणारी संमती मागितली आहे. पीटीएच्या बैठकीत एक पानी फॉर्म द्या, मराठीत किंवा कोंकणीत: लॅपटॉपवर काय अडवलं आहे, कोणती नोंद राहते, किती दिवस, कोण पाहतं. महिनाभराची नोंद पुरते. कॅमेरा आणि पडदा दुरून पाहणारं सॉफ्टवेअर घरी जाणाऱ्या लॅपटॉपवर अजिबात नको. आणि लॅपटॉप सरकारी योजनेतून मुलाला कायमचा मिळालेला असेल तर ही कुलपं लावण्याआधी मालकी कुणाची ते कागदावर पाहा.

काम एका दमात चाळीसांवर करू नका. दोन लॅपटॉप पूर्ण तयार करा आणि वर्गातल्या सर्वांत पटाईत दोन-तीन मुलांना द्या: आठवड्यात फोडून दाखवा, कसं फोडलं ते लिहा, शिक्षा नाही. जे सापडेल ते बुजवा, मग त्या मशीनची प्रतिमा (डिस्कची हुबेहूब नक्कल) घेऊन बाकीच्यांवर चढवा. चवथीची सुटी याला सोयीची, लॅपटॉप त्याआधी जमा करून घ्या. नंतर महिन्यातून एकदा कुठलेही पाच लॅपटॉप घेऊन पॉलिसीचं पान, डीएनएस, खात्याचा प्रकार आणि ८००४ च्या नोंदी एवढंच पाहायचं.

चाळीसांत विंडोज १० वाले असतील तर ते आधी बाजूला काढा. त्याचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जे ११ वर जाऊ शकतात ते आधी चढवा आणि नियम नंतर लावा, कारण उलट केलं तर अपग्रेडनंतर रिकव्हरीचा पडदा पुन्हा चालू झालेला सापडू शकतो आणि ‘रीएजंटसी’ परत चालवावं लागतं. जे जाऊ शकत नाहीत ते घरी न देता लॅबमध्ये ठेवा.